बूटेबल पेनड्राइव्ह तयार होतो, पण चालत नाही: कुठे अडलंय ते आधी ओळखा

विंडोज किंवा लिनक्स टाकायला बूटेबल, म्हणजे मशीन ज्याच्यावरून चालू होतं असा, पेनड्राइव्ह रूफस या सॉफ्टवेअरने बनवला. त्यातली हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, ‘रेडी’ आलं, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि मशीन सरळ जुन्या विंडोजमध्येच गेलं. किंवा सेटअप उघडला, पण आतली डिस्कच दिसेना. अशा वेळी बहुतेक जण तीच फाइल, त्याच पेनड्राइव्हवर, त्याच सेटिंगने पुन्हा लिहितात. अर्धा तास जातो आणि अडचण जागच्या जागी राहते, कारण दोष लिहिण्यात नसतोच.

हे काम चार टप्प्यांत होतं. आयएसओ फाइल (विंडोज किंवा लिनक्सच्या इन्स्टॉलेशनची अख्खी प्रत) डाउनलोड होते, ती पेनड्राइव्हवर लिहिली जाते, मशीनचं फर्मवेअर (बायोस किंवा यूईएफआय, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनमधलं सॉफ्टवेअर) तो पेनड्राइव्ह वाचतं आणि मग सेटअप चालतो. गाडी कुठे थांबली हे स्क्रीनच सांगते. बूट मेन्यूत (मशीन कशावरून चालू करायचं ते विचारणाऱ्या यादीत) पेनड्राइव्हचं नावच नसेल तर फर्मवेअरपाशी अडलंय. नाव आहे, पण निवडल्यावर क्षणभर काळी स्क्रीन येऊन परत मेन्यूच येतो, तर पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग), फाइल सिस्टिम (त्यावर फाइली ठेवण्याची पद्धत) किंवा सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही चालू होऊ न देणारं फर्मवेअरचं कुलूप) यांपैकी काहीतरी आहे. भाषा आणि कीबोर्ड विचारणारी सेटअपची खिडकी एकदा दिसली, म्हणजे पेनड्राइव्ह बूट झाला. त्यानंतर तो पुन्हा बनवण्याचं एकच कारण उरतं: आतल्या फाइली खराब किंवा अपुऱ्या असणं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकणारे वाढलेत, म्हणून खालचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच त्यांचं इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

फाइल आणि पेनड्राइव्ह: आधी यांच्यावर शंका घ्या

विंडोज ११ ची आयएसओ पाच ते सात जीबीची असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ती उतरवताना मध्येच डेटा संपला, रेंज गेली, ब्राउझरने ‘रिझ्यूम’ केलं, की आकार बरोबर दिसूनही आत एखादा तुकडा बिघडलेला असू शकतो. ते डोळ्यांनी कळत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, मग स्पेस, डॅश आणि हॅशफाइल, मग फाइलचा पूर्ण पत्ता, मग एसएचए२५६, असं लिहून एंटर दाबा. एक-दोन मिनिटांनी ६४ अक्षरांची ओळ येते, तिला हॅश म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर त्या त्या भाषेच्या फाइलची तशीच ओळ दिलेली असते. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल टाकून द्या. लिनक्सवर हेच काम एसएचए२५६सम ही आज्ञा करते.

हे केलं नाही तर दोष खूप उशिरा, भलत्याच वेशात समोर येतो. सेटअप ४०-५० टक्क्यांवर थांबून ०एक्स८००७०५७० किंवा ०एक्स८००७०००डी असा आकडा दाखवतो. याचा सरळ अर्थ असा की फाइल वाचता आली नाही किंवा ती खराब आहे. हॅश जुळत असेल आणि तरीही हाच आकडा येत असेल, तर पेनड्राइव्ह बदला, मग यूएसबी पोर्ट बदला आणि शेवटी रॅम तपासा. खराब रॅमची पट्टी हाच आकडा दाखवते आणि लोक मात्र चौथ्यांदा आयएसओ उतरवत बसतात. रॅमचे दोन मॉड्यूल असतील तर एक काढून दुसऱ्यावर सेटअप चालवून बघणं ही सगळ्यात झटपट परीक्षा.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. विंडोजची फाइल मोठी असेल तर १६ घ्या म्हणजे डोक्याला ताप नाही. स्वस्तात मिळालेल्या ‘५१२ जीबी’च्या पेनड्राइव्हपासून मात्र सावध राहा. त्यातली चिप खरं तर ८ किंवा १६ जीबीची असते, तिच्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेलं सगळं गायब होतं किंवा आधीच्या फाइलींवर पडतं. लिहिताना एकही एरर येत नाही, ही यातली खरी गोम. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. लिनक्स आणि मॅकवर एफ३ आहे. वेळ लागतो, पण संशय असेल तर रात्री लावून ठेवा.

रूफस मध्येच ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून थांबत असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ बघा. ते चालू असलं की रूफसला ड्राइव्हवर लिहूच देत नाही. रूफसला परवानगी द्या किंवा तेवढ्यापुरतं ते बंद करा. फाइल एक्स्प्लोररमध्ये तो ड्राइव्ह उघडा असेल तर तेही बंद करा. डेस्कटॉपला पुढचे पोर्ट वापरू नका. ते आतल्या लांब वायरीने जोडलेले असतात आणि जास्त वेळ लिहिताना जोडणी तुटण्याच्या तक्रारी तिथूनच जास्त येतात. मदरबोर्डवरचे मागचे पोर्ट घ्या, हबसुद्धा टाळा.

चार जीबीची भिंत

सगळ्यात जास्त पेनड्राइव्ह इथे अडकतात, म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

नव्या मशीनचं यूईएफआय फर्मवेअर पेनड्राइव्हवर फॅट फाइल सिस्टिम (फॅट३२ ही त्यातलीच) वाचता येईल एवढीच हमी देतं. एनटीएफएस वाचणं त्याला बंधनकारक नाही. काही मदरबोर्ड वाचतात, बरेच वाचत नाहीत. दुसरीकडे, फॅट३२ वर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, इतकीच मावते. आणि विंडोज ११ च्या आयएसओमध्ये सोर्सेस फोल्डरातली इन्स्टॉल.विम ही एकटी फाइल त्याहून मोठी असते. म्हणजे फॅट३२ केलं तर फाइल मावत नाही, एनटीएफएस केलं तर फर्मवेअर वाचत नाही.

पेनड्राइव्ह हाताने फॅट३२ फॉरमॅट करून आयएसओमधल्या फाइली कॉपी-पेस्ट केल्या की विंडोज ‘फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम’ म्हणतं. कुणी घाईत ‘स्किप’ दाबतं. असा पेनड्राइव्ह बूट होतो, भाषा विचारतो आणि पुढे अडतो, कारण जी टाकायची ती विंडोजच त्यात नाही. हाताने बनवलेला पेनड्राइव्ह सेटअपपर्यंत येऊन मोडत असेल तर सोर्सेस फोल्डर उघडून इन्स्टॉल.विम आहे का, एवढं आधी बघा.

यावर तीन वाटा आहेत. सोपी वाट मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलची. ते इन्स्टॉल.ईएसडी नावाची जास्त दाबलेली फाइल वापरतं, ती फॅट३२ मध्ये मावते. सेटिंग काही नाही, पण इंटरनेट चांगलं लागतं आणि आधीच उतरवलेली आयएसओ ते वापरत नाही.

दुसरी वाट रूफसची. ते पेनड्राइव्ह एनटीएफएस करतं आणि शेवटी १ एमबीचं एक छोटं फॅट पार्टिशन ठेवतं. त्याचं नाव यूईएफआय-एनटीएफएस. फर्मवेअर आधी ते छोटं पार्टिशन वाचतं, त्यातला ड्रायव्हर एनटीएफएस उघडतो आणि पुढे सेटअप सुरू होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हा तुकडा पाहून ‘हे काय फालतू’ म्हणून तो काढून टाकू नका, बूट त्याच्यावरच अवलंबून आहे. बूट मेन्यूत कधी कधी पेनड्राइव्हची दोन पार्टिशनं वेगवेगळी दिसतात. पहिल्याने काही झालं नाही तर दुसरं निवडा.

तिसरी वाट फाइल तोडण्याची. फर्मवेअर फारच हट्टी असेल तर ही हमखास चालते. पेनड्राइव्ह फॅट३२ करा, इन्स्टॉल.विम सोडून बाकी सगळं कॉपी करा. मग ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजमधल्याच डिझम या साधनाच्या ‘स्प्लिट-इमेज’ आज्ञेने इन्स्टॉल.विमचे ३८०० एमबीचे तुकडे पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरात पाडा. इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम, इन्स्टॉल२.एसडब्ल्यूएम अशी नावं मिळतात. नावं बदलू नका, सेटअप ती आपोआप ओळखून जोडून घेतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर विंडोजची फॉरमॅटची खिडकी फॅट३२ चा पर्यायच देत नाही. मग त्यावर १६ जीबीचं एकच पार्टिशन करा आणि तेवढंच फॉरमॅट करा.

रूफसची खिडकी, एकेक ओळ

डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत: नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. ‘पार्टिशन स्कीम’ला जीपीटी निवडलं की खाली ‘टार्गेट सिस्टिम’मध्ये यूईएफआय येतं आणि शेजारी ‘नॉन सीएसएम’. २०१२-१३ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपला हेच योग्य. त्याहून जुनं, फक्त लेगसी बायोस (यूईएफआयच्या आधीचं जुनं फर्मवेअर) असलेलं मशीन असेल तर एमबीआर. पण लक्षात ठेवा, ही निवड पेनड्राइव्हपुरती नाही. ज्या पद्धतीने पेनड्राइव्ह बूट होतो, त्याच पद्धतीने विंडोज हार्ड डिस्कवर बसतं. म्हणूनच ‘सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल’ किंवा उलट ‘इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल’ असे निरोप येतात. पेनड्राइव्ह यूईएफआयने चालू झाला आणि आतली डिस्क एमबीआर आहे, किंवा याच्या उलट, एवढाच त्याचा अर्थ.

डिस्कवर काही ठेवायचं नसेल तर सेटअपमध्येच सगळी पार्टिशनं डिलीट करून ‘अनॲलोकेटेड स्पेस’ निवडा, बाकी सेटअप करतो. डेटा ठेवायचा असेल आणि आत विंडोज १० चालू असेल तर एमबीआर२जीपीटी हे साधन त्यातच आहे, १७०३ आवृत्तीपासून. आधी ‘व्हॅलिडेट’ने तपासा, मग ‘कन्व्हर्ट’ करा, चालू विंडोजमधून करताना ‘अलाऊफुलओएस’ जोडा. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशनं असतील तर ते नकार देतं, तीन किंवा कमी हवीत. डेटाची दुसरी प्रत बाहेर असल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

‘स्टार्ट’ दाबल्यावर रूफस एक चौकट दाखवतं: चार जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) यांची अट काढायची का. जुन्या मशीनसाठी तिथे टिक करा. मात्र कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यापुढची आवृत्ती कुठल्याही टिकने चालणार नाही. तिला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागते आणि ती त्या चिपमध्ये मुळातच नाही. अशा मशीनवर हलकं लिनक्स टाका, ते अजून छान चालतं.

बूट मेन्यूत नावच नाही

आधी मशीन खरंच बंद होतं का ते बघा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ हे अर्धवट झोपणं असतं आणि पुढच्या वेळी काही लॅपटॉप बूट मेन्यूच्या कीला दादच देत नाहीत. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा, निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. की शोधत बसण्यापेक्षा हे बरं. तरी की हवी असेल तर डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८. एसरला एफ१२ आहे, पण अनेक मॉडेलमध्ये ती बायोसमध्ये आधी चालू करावी लागते.

जुन्या ॲटम प्रोसेसरचे २ जीबी रॅमचे टू-इन-वन टॅबलेट ही वेगळी जात आहे. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. त्याला ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात बूटआयए३२.ईएफआय ही फाइल हवी असते, बूटएक्स६४ त्याला दिसतच नाही. त्यावर ३२ बिटचं विंडोज १० च बसतं. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही.

सिक्युअर बूट नको म्हणतं

लाल किंवा निळ्या चौकटीत ‘सिक्युरिटी व्हायलेशन’सारखं काही आलं तर पेनड्राइव्हवरच्या बूटलोडरची (विंडोज किंवा लिनक्स सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) सही फर्मवेअरला मान्य नाही. विंडोजच्या बाबतीत जुना रूफस हे कारण असतं. यूईएफआय-एनटीएफएसला मायक्रोसॉफ्टची सही २०२१ मध्ये मिळाली, त्याआधीच्या रूफसने बनवलेला पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना अडतो. नवं रूफस घ्या, काम झालं.

व्हेंटॉयमध्ये (एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवून बूट करू देणारं साधन) पहिल्या वेळी निळी स्क्रीन येते ती बिघाड नाही. ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, व्हीटॉयईएफआय पार्टिशनमध्ये जा, ‘एन्रोल धिस की’ने सुरू होणारी फाइल निवडा, होकार द्या आणि रीबूट करा. त्या मशीनवर हे एकदाच करावं लागतं.

लिनक्सच्या जुन्या आयएसओवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ येत असेल तर त्याचं मूळ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमध्ये आहे. त्या अपडेटने जुने शिम (सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स सुरू करून देणारे) बूटलोडर बाद ठरवले आणि ती नोंद फर्मवेअरमध्येच बसली. त्याच डिस्ट्रिब्युशनची ताजी आयएसओ घ्या. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करूनही काम भागतं, पण विंडोजच्या ड्राइव्हला बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसला हात लावू नका. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी शोधा, कागदावर उतरवा.

सेटअप उघडला, एसएसडी दिसत नाही

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे इतकं सर्रास आहे की एसएसडी मेली समजून लोक नवी विकत घेतात. एसएसडी बहुतेकदा ठणठणीत असते. व्हीएमडी नावाचा इंटेलचा कंट्रोलर तिच्यासमोर उभा असतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसतो. त्यामुळे यादी रिकामी दिसते किंवा ‘इन्स्टॉल ड्रायव्हर टु शो हार्डवेअर’ असा पडदा येतो.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावर जा आणि ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवा. ती ईएक्सई असेल तर तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, सेटअपला आयएनएफ फाइल हवी असते. सेव्हन-झिपने ईएक्सई उघडून फोल्डर बाहेर काढा. इंटेलचं सेटअपआरएसटी असेल तर त्यालाच ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की तो फाइली काढून देतो. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’, आणि ज्यात आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी या तिन्ही फाइली आहेत ते फोल्डर निवडा. एकाहून जास्त ड्रायव्हर दिसले तर नावात व्हीएमडी असलेला घ्या. यादी लगेच भरते.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. डेलमध्ये ‘रेड ऑन’च्या जागी ‘एएचसीआय’ निवडायचं. एसरमध्ये हा पर्याय लपलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावर दिसतो. संपूर्ण डिस्क पुसून नवी विंडोज टाकणार असाल तर हा मार्ग चालतो. आतली जुनी विंडोज ठेवायची असेल तर नको, तिला ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते. व्हीएमडी परत चालू केलं की ती पूर्ववत होते.

‘ए मीडिया ड्रायव्हर युवर कम्प्युटर नीड्स इज मिसिंग’ हा निरोप मात्र वेगळा आहे, तिथे ड्रायव्हर शोधत बसू नका. सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह वाचता येत नाहीये. तो दुसऱ्या पोर्टला लावा, शक्यतो काळ्या यूएसबी २.० च्या. न जमल्यास हॅश तपासून दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहा.

लिनक्सवरून बनवताना आणि नंतर

उबुंटू, फेडोरा, मिंट यांच्या आयएसओ हायब्रिड असतात, डीडी या लिनक्सच्या आज्ञेने जशाच्या तशा लिहिल्या की बूट होतात. विंडोजची आयएसओ तशी नाही. ती डीडीने लिहिली तर आज्ञा एरर न देता पूर्ण होते आणि पेनड्राइव्ह बूट होत नाही. लिनक्सवरून विंडोजचा पेनड्राइव्ह करायचा तर व्हेंटॉय किंवा वोयूएसबी वापरा. डीडी वापरताना आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी आज्ञा) चालवून आकारावरून पेनड्राइव्हचं नाव ओळखा. ते नाव एसडीबी असेल तर ‘ओएफ’पुढे एसडीबी लिहायचं, एसडीबी१ नाही. शेवटी ‘कॉन्व्ह’ बरोबर ‘एफसिंक’ द्या. ते नसेल तर डीडी संपल्याचं सांगतं तेव्हा निम्मा मजकूर अजून रॅममध्येच असतो आणि पेनड्राइव्ह उपसला की फाइली अर्ध्या राहतात. सेकंदाला ५ एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला ६ जीबीसाठी वीस मिनिटं लागणारच.

डीडीने लिहिलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजमध्ये लावला की ‘फॉरमॅट करा’ म्हणतो आणि ४-५ एमबीचाच दिसतो. तो खराब झालेला नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट उघडा. ‘लिस्ट डिस्क’ लिहा आणि आकारावरून आपला पेनड्राइव्ह ओळखा: ४७६ जीबीची ती आतली एसएसडी, १४ जीबीचा तो पेनड्राइव्ह. समजा तो डिस्क १ आहे, तर ‘सिलेक्ट डिस्क १’. इथे परत एकदा ‘लिस्ट डिस्क’ द्या आणि फुली त्याच ओळीपुढे आहे ना ते बघा. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही, चुकीच्या डिस्कवर दाबलं की तिची पार्टिशनं गेली. मग ‘क्लीन’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक’ आणि ‘असाइन’.

सेटअप पुन्हा पहिल्या पानावर येतो

फाइली कॉपी झाल्या, मशीन रीस्टार्ट झालं आणि परत भाषा विचारतंय, तर बूट ऑर्डरमध्ये पेनड्राइव्ह वर आहे, म्हणून मशीन पुन्हा त्याच्यावरूनच चालू होतंय. पुन्हा ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबू नका, आधी झालेलं काम पुसलं जाईल. मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, चालू करा. उरलेलं इन्स्टॉलेशन आतल्या डिस्कवरून आपोआप पुढे सरकतं. पेनड्राइव्ह काढल्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर बायोसच्या बूट यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद आहे का बघा आणि असेल तर ती पहिल्या क्रमांकावर आणा. नोंदच नसेल तर पेनड्राइव्ह लेगसीने चालू झाला होता आणि बायोस आता यूईएफआयवर आहे. बायोसची पद्धत पक्की करा आणि बूट मेन्यूत त्याच पद्धतीची पेनड्राइव्हची ओळ निवडून सेटअप एकदा नीट पूर्ण करा.